ढग्याचा लगाम

बिबट्यानं वासरू नेलं तेव्हा ढग्या जागा होता.

दिवेलागण नुकतीच झाली होती. हर्षदा न्हाणीत लेकीच्या, ओवीच्या डोक्यावर पाणी ओतत होती. बाहेर गाय हंबरली, दावणीचा खुंटा करकरला आणि ढग्या भुंकायला लागला. मग ते भुंकणं मध्येच तुटलं. ते ज्या तऱ्हेनं तुटलं, त्यावरूनच हर्षदाला काय ते कळलं. पोरीला तशीच साबणात सोडून ती ओट्यावर धावली.

गोठ्याच्या कुडापाशी बिबट्या वासराचं नरडं धरून उभा होता. त्याच्यापासून चार हातांवर ढग्या. राखाडी रंगाचा, छातीनं भरलेला, ऐन उमेदीतला कुत्रा. मानेवरचे केस ताठ, दात उघडे. त्यानं झेपेसाठी मागचे पाय आवळले आणि तिथंच त्याचं अंग ढिलं पडलं, कुणी आतून हवा काढून घ्यावी तसं. पुन्हा आवळले, पुन्हा ढिलं. बिबट्यानं त्याच्याकडं एकदा निवांत पाहिलं आणि वासरू ओढत तो उसात शिरला.

ढग्याचा लगाम सोडायची कळ घरात खुंटीला लटकत होती. हर्षदा ती घेऊन बाहेर आली तोवर उसाची पानं हलायचीसुद्धा थांबली होती. ढग्या तसाच उभा होता, आपल्याच पायांकडं बघत.

"असलं कुत्रं ठेवण्यापरीस दगडाचं आणून बसवलं असतं," हर्षदाची सासू अनुसयाबाई म्हणाली. हर्षदा तिला आत्या म्हणायची. आत्या रागानं बोलली नव्हती. तिला रडू येत होतं.

त्या दिवसापासून कळ हर्षदाच्या गळ्यातून निघाली नाही. मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेली, काडेपेटीहून लहान, आणि वर अंगठ्यापुरती एक गुळगुळीत पाटी.

या सगळ्याची सुरुवात त्याच्या वर्षभर आधीची. जुन्नर तालुक्यात कालव्याखालची ही वस्ती म्हणजे औटी आणि हांडे अशी दोन घरं, मध्ये एक बांध आणि चहूकडं ऊस. हर्षदाचा नवरा नवनाथ चाकणला कारखान्यात, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. उरलेले दिवस दोघी बायका, एक लहान पोर आणि ढग्या. उसातल्या बिबट्यांच्या आता कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या होत्या. जंगल त्यांनी पाहिलंही नव्हतं. अशा ठिकाणी कुत्रा हा शौक नसतो, दाराची कडी असते.

एका सकाळी बांधापलीकडच्या जिजाबाई हांडे कढीपत्ता न्यायला आल्या. नेहमी यायच्या तशाच, फक्त त्या दिवशी डोक्यावरून घोंगडी घेतलेली होती. ढग्यानं त्यांना ओळखलं नाही. पिंढरीचा लचका तोडला. म्हातारी पडली ती खुब्यावर. हर्षदानं धावत जाऊन त्याला ओढून काढलं, आपली ओढणी जखमेवर बांधली, पण जिजाबाई त्यानंतर खाटेवरून उठल्या नाहीत. त्यांचा मुलगा रोहिदास यानं तक्रार दिली, आणि त्याचं काही चुकलं असं हर्षदालाही म्हणता येत नव्हतं. मात्र त्या दिवसापासून त्यानं बांधावरची वाट बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली. पाच-सहा माणसांत तो बोललाही, की औट्यांच्या सुनेला माणसापेक्षा कुत्रं प्यारं आहे. ते वाक्य फिरत फिरत हर्षदापर्यंत आलं आणि तिच्यात रुतून बसलं.

नवा श्वानपालन कायदा येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. माणसाला जबर जखमी करणारा कुत्रा 'धोकादायक' ठरायचा. मग मालकापुढं दोन वाटा. एक तर इंजेक्शन, नाही तर लगाम.

"लगाम म्हणजे नक्की काय?" हर्षदानं पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर वाजगे मॅडमना विचारलं होतं.

मॅडमनी टेबलावर मसुराच्या डाळीएवढं काहीतरी ठेवलं. त्यातून केसाहून बारीक तार निघाली होती.

"कुत्रा चावण्याच्या अर्धा-पाऊण सेकंद आधी त्याच्या मेंदूच्या तळाशी एक लय उठते. भुंकताना उठते ती वेगळी. खेळताना तो दात लावतो ना, तेव्हाची वेगळी. भुकेची वेगळी. पण चावण्याची लय सगळ्या कुत्र्यांत एकच असते. ती आपल्याला ओळखता यायला लागली, एवढाच काय तो शोध. हे यंत्र कवटीत बसवायचं. ते ती लय ऐकत बसतं. लय उठली रे उठली, की त्याच लयीचा उलटा प्रवाह सोडतं. लाटेवर उलटी लाट घातली की पाणी सपाट होतं, तसं."

"दुखतं त्याला?"

"नाही. शिंक येता येता जिरून जाते ना आपली, तसं होत असावं. भुंकेल, गुरगुरेल, धावून जाईल. फक्त चावणं जबड्यापर्यंत पोहोचणार नाही."

"आणि बिबट्या आला तर?"

मॅडमनी ड्रॉवरमधून कळ काढून पुढं ठेवली. "मेंदूच्या त्या भागाला माणूस आणि बिबट्या असा फरक नसतो. म्हणून तर ही कळ. तिच्यावर अंगठा दाबून धरलात की लगाम ढिला. अंगठा उचललात की पुन्हा घट्ट. अंगठा नोंदवलेल्या माणसाचाच लागतो. आणखी एक सांगून ठेवते. काही कुत्र्यांचा मेंदू वर्ष-दोन वर्षांत आडवाट शोधतो. मग यंत्राला लय ओळखू येत नाही, आणि कुत्रा आपोआप सुटतो. त्याला आमच्यात बेलगाम म्हणतात. बेलगाम कुत्रा ठेवता येत नाही, त्यावर दुसरा उपायच नाही."

कळ हर्षदाच्या नावावर झाली, कारण कुत्र्याजवळ राहणारी तीच. श्वान-निरीक्षक गोडांबे यांनी तिचा अंगठा पाटीवर टेकवून घेतला. सौम्य बोलणारा, चष्म्याआडून नीट बघणारा माणूस होता तो.

"ताई, आजपर्यंत कुत्रा चावला तर लोक म्हणायचे, मुकं जनावर आहे. आता तसं म्हणता येणार नाही. आसपास माणूस असेल तर कळ दाबायची नाही, मग समोर बिबट्या असो की वाघ असो. दाबलीत आणि त्यानं माणसाला दात लावला, तर कायद्यानं ते दात तुमचे."

"आणि कुत्र्याचं काय होतं?"

"त्याचा काय दोष? तो तुमच्या हातातली काठी झाला."

त्या वेळी हर्षदाला हे बोलणं बरं वाटलं होतं. निदान ढग्या वाचला होता.

वासरू गेल्यानंतर दोन महिन्यांनी हांड्यांच्या उसाला तोड आली. तोडीची टोळी चार दिवस राबून दुसऱ्या वस्तीला निघून गेली. मधोमध उसाचा एक पट्टा न तोडलेला उभा राहिला. उसातच वाढलेल्या जनावराला कळतं, राहिलेला पट्टा म्हणजे शेवटचा आडोसा. कालव्याकडच्या चिखलात कुणीतरी मादीचे आणि दोन पिल्लांचे ठसे पाहिले होते. वनखात्याला कळवलं होतं. त्यांची माणसं उद्या सकाळी पिंजरा लावायला येणार होती.

दुपार टळली होती. हर्षदा बांधाच्या अलीकडं गाईसाठी घास कापत होती. ढग्या तिच्याजवळच लिंबाच्या बुंध्याला साखळीनं बांधलेला होता. पलीकडं रोहिदास ठिबकच्या नळ्या गुंडाळत चालला होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. नळी गुंडाळत गुंडाळत तो उभ्या पट्ट्यापर्यंत गेला, वाकला आणि आत शिरला.

आधी पिल्लाचा आवाज आला, मांजरासारखा. मग रोहिदासची किंकाळी.

हर्षदा बांधावर चढली. बाभळीच्या फांद्यांमध्ये तिची साडी अडकली, ती तिनं फाडून सोडवली. रोहिदास पट्ट्याच्या कडेला उताणा पडला होता आणि मादी त्याच्या खांद्यावर होती. हर्षदानं ढेकळं मारली, विळा फेकला, घसा फुटेस्तोवर ओरडली. मादीनं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि पकड बदलली. आता ती गळा शोधत होती.

हर्षदा मागं लिंबापाशी धावली आणि तिनं साखळीची कडी काढली.

ढग्या बाण सुटावा तसा गेला. बांध ओलांडून, तोडलेल्या उसाच्या खोडक्यांवरून, थेट मादीच्या तोंडासमोर. तिथं त्यानं पाय आवळले आणि त्याचं अंग ढिलं पडलं. पुन्हा आवळले, पुन्हा ढिलं. मादीनं पंजा मारला. ढग्याच्या कानापासून रक्त उडालं, तरी त्याला चावता येईना. तो नुसता तिच्यासमोर उभा राहिला, मार खात.

रोहिदासचे डोळे हर्षदाकडं होते. 

तिनं कळ मुठीत घेतली. गोडांब्यांचं वाक्य तिला आठवलं, सबंध आठवलं. आसपास माणूस असेल तर दाबायची नाही. माणूस आसपास नव्हता, माणूस खालीच होता.

तिनं अंगठा दाबला.

जे झालं ते डोळ्यांना नीट दिसलंही नाही. राखाडी आणि पिवळं असं एकच काहीतरी खोडक्यांतून गडबडा लोळलं. ढग्याचा आवाज तिनं सव्वा वर्षात ऐकला नव्हता, असा होता. मादी सुटली, पुन्हा आली, ढग्यानं तिचा पुढचा पाय धरला, हाड मोडल्यासारखा आवाज झाला. मग ती मागं सरली, पट्ट्यात घुसली आणि पलीकडच्या बाजूनं पिल्लांना घेऊन कालव्याकडं पळताना दिसली.

ढग्या वळला. त्याच्यासमोर रक्तानं माखलेला, हातपाय झाडणारा एक माणूस होता. ढग्यानं त्याचा उजवा हात कोपराखाली धरला आणि झटका दिला.

आता अंगठा उचलायचा होता. एवढंच करायचं होतं. उचलला की लगाम बसणार, जबडा सुटणार. हर्षदाला हे ठाऊक होतं. मादी परत येईल का, असाही एक विचार आला. पण मादी दूर गेलेली तिनं स्वतः पाहिली होती. समोर रोहिदास होता. बाभळीच्या फांद्या टाकणारा, पाच-सहा माणसांत बोलणारा. ढग्यानं दुसरा झटका दिला. अंगठा पाटीवरच होता.

"वहिनी!" रोहिदास ओरडला.

तिनं अंगठा उचलला. ढग्याचा जबडा सुटला. तो दोन पावलं मागं जाऊन खाली बसला आणि धापा टाकू लागला.

त्यानंतर हर्षदानं जे केलं ते आरडाओरडा ऐकून रस्त्यावर जमलेल्यांनी पाहिलं. तिनं ढग्याला साखळी लावली, पदर फाडून रोहिदासचा खांदा आणि हात आवळून बांधले, काखेत धरून त्याला रस्त्यापर्यंत ओढत आणलं. ओढताना गळ्यातला दोरा खोडक्याला अडकून तुटला. कळ पाटाच्या चिखलात कुठं गेली ते कुणाला सापडलं नाही.

रोहिदास जगला. खांद्यावरच्या मादीच्या जखमा खोल होत्या, पण भरून आल्या. उजव्या हाताच्या शिरा मात्र तुटल्या होत्या. बोटं मिटत नव्हती. लाळेच्या तपासणीत कोणती जखम कोणाची ते स्पष्ट झालं. हात ढग्यानं घालवला होता.

गोडांब्यांची गाडी येऊन ढग्याला घेऊन गेली. त्याच्या डोक्यातलं यंत्र वाचलं गेलं. लगाम त्या दुपारी काही काळ सुटा होता, एवढंच त्यात होतं. कुणी सोडला की आपोआप सुटला, हे कळीत नोंदलं जायचं, आणि कळ चिखलात होती.

नवनाथ रजा टाकून आला.  सकाळी चहाचा कप हातात धरून म्हणाला, "रोहिदासनं जबाब दिलाय. तू कळीला हातच लावला नाहीस, कुत्रा आपोआप सुटला, असं."

हर्षदा बघतच राहिली.

"तो सगळ्यांना सांगतोय, की वहिनींनी मला वाचवलं. त्याच्या जबाबावर प्रकरण मिटतंय. तू फक्त हो म्हणायचं."

"मग ढग्या बेलगाम ठरेल."

"ठरेल."

"त्याला मारतील."

"एक कुत्रा आहे, हर्षदा." नवनाथनं कप खाली ठेवला. "ओवी पाच वर्षांची आहे. तू आत गेलीस तर तिला काय सांगू? आई कुत्र्यासाठी गेली?"

 आत्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

त्याच दिवशी हर्षदा बांधाच्या त्या वाटेनं हांड्यांकडं गेली. फांद्या कुणीतरी काढून टाकल्या होत्या. रोहिदास ओसरीवर लोडाला टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला. आत खाटेवर जिजाबाई होत्या.

"या वहिनी," तो म्हणाला. सव्वा वर्षात पहिल्यांदा.

ती जोत्यावर टेकली. "भाऊजी, तुम्ही असा जबाब का दिलात? तुम्ही बघितलंत की. मी दाबली होती."

"बघितलं ना. म्हणून तर दिला." तो हळू आवाजात बोलत होता. "तुम्ही नसतात तर आज इथं माझा फोटो असता, हार घातलेला. तुम्हाला तुरुंगात घालून मी कोणत्या तोंडानं जगू? एवढं तरी मला करू द्या."

"पण ढग्या..."

"जाऊ द्या त्याला. माझी आई त्याच्यामुळं पडून आहे, माझा हात गेला. त्याच्यासाठी रडू नका."

"मेलं तर सुटलो आपण सगळी," आतून जिजाबाई म्हणाल्या.

हर्षदाला दुसरी गोष्ट सांगायची होती. झटका पहिला आणि झटका दुसरा, यांच्या मधली. तिनं तोंड उघडलंही. पण रोहिदासच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की जणू तो बऱ्याच दिवसांनी स्वतःबरोबर शांत झाला आहे. तो डाव्या हातानं तिच्यापुढं चहाची कपबशी सरकवत होता. बशीत चहा सांडला. तो ओशाळून हसला. हर्षदानं चहा घेतला आणि ती परत आली.

सुनावणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या एका खोलीत होती. गोडांबे, डॉक्टर वाजगे मॅडम आणि लिहून घेणारा एक कारकून. समोर बाकावर नवनाथ, आत्या, रोहिदास. मागच्या आवारातून कुत्र्यांचं भुंकणं येत होतं. त्यात ढग्याचं कोणतं, ते हर्षदाला ओळखू येत होतं.

रोहिदासनं जबाब पुन्हा दिला. ठाम दिला. गोडांब्यांनी मान डोलावली. वाजगे मॅडमनी कागदांवर नजर ठेवून सांगितलं, "सव्वा वर्षात मेंदूनं आडवाट काढणं अशक्य नाही. बेलगाम ठरवायला हरकत नाही."

"मग हर्षदाताई, तुमचं म्हणणं?" गोडांबे म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. "सावकाश बोला. कळ सापडलेली नाही. तुमच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही, हे लक्षात घ्या."

हे वाक्य त्यांनी कायद्याच्या बाजूनं उच्चारलं नव्हतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते समजलं. सगळेच तिला वाचवायला बसले होते. नवनाथचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला आणि तसाच दाबून राहिला.

"कळ मी दाबली," हर्षदा म्हणाली.

"वहिनी!"

"भाऊजी खोटं बोलतायत. माझ्यासाठी बोलतायत. ढग्या बेलगाम नाही. त्याचा लगाम नीट चालतो. मी सोडला तेव्हा तो सुटला आणि मी आवरला तेव्हा थांबला."

नवनाथनं गुडघा काढून घेतला.  गोडांब्यांनी पेन उचललं. आता त्यांना विचारावंच लागणार होतं.

"माणूस जवळ असताना दाबली?"

"हो. नाहीतर ते गेले असते."

"ते समजलं. ती बाजू न्यायालय लक्षात घेईल. बिबट्या निघून गेल्यावर अंगठा उचललात?"

"नाही."

"म्हणजे?"

"ती गेलेली मी बघितली होती. ढग्यानं भाऊजींचा हात धरला, तेही बघितलं. तेव्हाच उचलायला हवा होता. नाही उचलला. मग भाऊजी ओरडले तेव्हा उचलला."

कारकून लिहायचा थांबला.

"घाबरला होतात," वाजगे मॅडम घाईनं म्हणाल्या. "असं होतं. हात थरथरतो, बोट आखडतं."

"तसं सांगता येईल मॅडम," हर्षदा म्हणाली. "पण हात थरथरत नव्हता."

 रोहिदास तिच्याकडं बघत होता. चेहऱ्यावरची ती शांतता हळूहळू निघून जात होती. तो उठला, गळ्यातला हात दुसऱ्या हातानं सावरला आणि बाहेर गेला.

कोर्टानं जीव वाचवल्याचं मोठं माप तिच्या पदरात घातलं आणि उरलेल्यासाठी चार महिन्यांची शिक्षा दिली. पुन्हा कधीही कळ बाळगायची नाही, हे वेगळं. नवनाथ तिच्याशी गरजेपुरतं बोलायचा. एकदा मात्र पाठ करून झोपल्यावर त्यानं अंधारात विचारलं, "तेवढं दुसरं सांगायची काय गरज होती?" ती म्हणाली, "पहिलं सांगितल्यावर दुसरं गिळता येईना." थोड्या वेळानं त्याचा हात तिच्या हातावर आला.

राहिला ढग्या. कायद्यानं तो निर्दोष होता, पण त्याला नवा कळधारक हवा होता, वस्तीवर राहणारा. नवनाथला नोकरी सोडता येत नव्हती. हर्षदाला ज्या दिवशी शिक्षेसाठी हजर व्हायचं होतं, त्या सकाळी आत्या तिच्याबरोबर दवाखान्यात आली. आल्या आल्या तिनं वाजगे मॅडमपुढं अंगठा धरला.

"घ्या. मी बघते त्याच्याकडं."

नव्या कळीच्या पाटीवर आत्याचा अंगठा टेकवला. पाटीवर लाल दिवा लागला. धुऊन, पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. दुसऱ्या हाताचा टेकवला. पन्नास वर्षं खुरपं आणि जातं धरून अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. यंत्राला त्यात वाचायला काही सापडत नव्हतं.

"दुसरं कुणी नाही का वस्तीवर?" गोडांब्यांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. "आज संध्याकाळपर्यंतच ठेवता येईल त्याला इथं."

"आहे," दारातून आवाज आला.

रोहिदास किती वेळ तिथं उभा होता कोण जाणे. सुनावणीनंतर हर्षदानं त्याला पाहिलं नव्हतं. तो सुकला होता. तो आत आला आणि डावा हात टेबलावर ठेवला.

"उजव्याचा चालत नाही. डाव्याचा घ्या."

"तुम्ही?" वाजगे मॅडम म्हणाल्या. "त्यानंच तर तुम्हाला..."

"ती मादी पिंजऱ्यात आलीच नाही मॅडम. तीन पायांवर लंगडत फिरतेय वस्तीभोवती. लंगडं जनावर शिकार सोडून माणसाकडं वळतं. माझ्या घरात आई पडून आहे, यांच्या घरात पोर आहे." तो एवढं कोरडेपणानं बोलला. मग पहिल्यांदा हर्षदाकडं वळला. "एक विचारायचंय."

"विचारा, भाऊजी."

"अंगठा का नाही उचललात?"

तिनं खूप शोधलं. इतके दिवस तेच शोधत होती. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "राग होता. पण राग म्हणून धरला, असंही म्हणता येत नाही. तो तिथं होता, आणि मी त्याला उचललं नाही."

रोहिदासनं मान हलवली. माफ केल्यासारखी नाही, नाही केल्यासारखीही नाही.

"मला त्या दिवसापासून झोप नाही," तो म्हणाला. "पडून पडून एकच विचार येतो. माझ्या हातात कळ असती, आणि खाली तुम्ही असतात, आईच्या त्या प्रकारानंतर, तर मी केव्हा उचलला असता?" त्यानं पाटीवर अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला. "सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, कळ माझ्याकडंच असू द्या. मी तरी धरताना दोनदा विचार करीन."

मागच्या आवारातून ढग्याला आणलं. कान शिवलेला, बरगड्या दिसत होत्या. हर्षदाला पाहून त्यानं शेपूट हलवली. मग त्याला रोहिदासचा वास आला. मानेवरचे केस उभे राहिले, पाय आवळले गेले आणि तिथंच अंग ढिलं पडलं. रोहिदास जागचा हलला नाही. इतक्या जवळून तो ते पहिल्यांदाच बघत होता.

कळीचा दोरा एका हातानं गळ्यात घालता येत नव्हता. आत्यानं तो त्याच्या मानेमागं बांधून दिला. हर्षदानं साखळी त्याच्या डाव्या हातात दिली, तुरुंगात हजर व्हायला गोडांब्यांच्या गाडीकडं निघाली आणि दारात एकदा वळून बघितलं.

रोहिदास आवारातून चालला होता. ढग्या त्याच्यापासून साखळीभर लांब, पण त्याच्याच बाजूनं चालत होता. कळ छातीवर लोंबकळत होती. साखळी धरलेल्या मुठीत रोहिदासनं आपला अंगठा आत घेऊन चारही बोटांनी घट्ट मिटून धरला होता.